बॉम्ब पडेल तेव्हाचं आवतन

प्रवासवर्णन लिहायला माणूस लांब जाऊन आलेला असावा, एवढे मला कळते. आमच्या कॉलेजच्या वाचनालयात जी चार-दोन प्रवासवर्णने आहेत, त्यांचे लेखक बोटीने गेले, विमानाने गेले, बर्फात राहिले. मी एस.टी.ने औरंगाबादला गेलो. तालुक्यातले निम्मे लोक कोर्टाच्या तारखेला तिथे जातच असतात. त्यांनी कुणी कधी वर्णन लिहिले नाही. तेव्हा मी लिहायला बसणे हा थोडा आगाऊपणाच आहे, आणि त्याबद्दल वाचकांनी मला आधीच माफ करावे.

वार्षिकांकाचे सर म्हणाले, "पहिल्या वर्षाला असताना तू त्या शिबिराला गेला होतास ना? ते लिही."

मी म्हणालो, "सर, माझं शुद्धलेखन..."

"ते मी बघतो. तू फक्त आठवून बघ."

आता हे माझे कॉलेजचे शेवटचे वर्ष. आठवायला बसलो तर लक्षात आले की त्या आठवड्याइतके नीट मला दुसरे काहीच आठवत नाही. आमच्या चिंचखोरीत ज्यांनी अजून औरंगाबाद पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो. माझी माय त्यांत पहिली. तिला वाचता येत नाही, पण मी वाचून दाखवीन.

कन्नडहून निघताना

पाकिस्तानची लढाई होऊन गेली होती. चीनने अणुबॉम्ब फोडल्याची बातमीही जुनी झाली होती. तरी त्या हिवाळ्यात जिल्ह्याच्या गावी नागरी संरक्षणाचे शिबिर भरले आणि प्रत्येक कॉलेजातून दोन मुले पाठवा, असा निरोप आला. शहरावर अणुबॉम्ब पडला तर काय करायचे, हे तिथे शिकवणार होते. आमच्या कॉलेजातून दामू गेला, कारण तो वक्तृत्वात पहिला यायचा. आणि मी गेलो, कारण दुसरा कुणी हुरडा सोडून यायला तयार नव्हता.

आमचे घर धनगराचे. थोडी जमीन, बाकी मेंढरं. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे कॉलेजातून कुठेही जायचे म्हटले की घरात काहीतरी मोठे घडत असल्यासारखे वाटे. मी कॉलेजासाठी कन्नडला राहायचो. आदल्या दिवशी घरी गेलो तेव्हा मायने भाकरी, लसणाची चटणी आणि निळ्या काठाची रजई बांधून दिली. अंथरूण-पांघरूण ज्याचे त्याने आणावे, असे शिबिरवाल्यांनी कळवले होते. ती रजई माझ्याहून वयाने मोठी. मी म्हणालो, "दुसरी चांगली नाय का?"

"हिच्यावानी ऊब नाय दुसरीला. गप ने."

आमच्या रस्त्याला नामदेव नावाचे कंडक्टर होते, अजून आहेत. आमच्या भागाचे वर्तमानपत्र म्हणजे तेच. कुणाकडे सोयरीक ठरली, कुणाची म्हैस व्याली, कुठल्या गावी पाव्हणे खोळंबलेत, हे ते तिकीट फाडता फाडता सांगतात. कन्नडहून गाडी सुटली आणि थोड्या वेळात आमच्या फाट्यावर आली, तर आबा मेंढरं घेऊन रस्त्याच्या कडेला उभे. नामदेवभाऊंनी घंटी ओढून गाडी थांबवली.

"काय आबा, पोराला बॉम्ब शिकायला धाडता व्हय?"

"शिकू द्या. आपल्याला बी कळंल," आबा म्हणाले. मग माझ्या खिडकीशी आले. माझे वडील फार बोलत नाहीत. म्हणाले, "तिथं सांगतेत ते नीट ऐक. आन् आपल्याला काय करावं लागंल, ते इच्यार."

तेवढ्यात दोन मेंढरं गाडीच्या पुढे गेली आणि ड्रायव्हर ओरडला. आबा त्यांच्यामागे पळाले. वळणावर मी मागे बघितले तर धूळच दिसली.

दौलताबादच्या पायथ्याला

ज्वारी कणसात आली होती. बांधाबांधावर हुरड्याच्या आगट्या पेटल्या होत्या आणि तो वास गाडीत शिरला की सगळी गाडी एकदम गप्प व्हायची. वेरूळची लेणी खिडकीतून दिसली म्हणायची तेवढी दिसली. खुलताबादचा घाट उतरून दौलताबादच्या किल्ल्याखाली आलो आणि टायर बसले.

माझ्या आयुष्यातला हा पहिला मोठा प्रवास. मला तर ते टायर बसल्याचा आनंदच झाला. खाली उतरलो. बाया पेरू घेऊन बसल्या होत्या. दामूने एक पेरू घेतला, किल्ल्याकडे तोंड केले आणि भाषण ठोकायला सुरुवात केली. इतिहास त्याचा आवडता. दिल्लीच्या बादशहाने एकदा अख्खी दिल्ली उठवून इथे आणायचे ठरवले. माणसे वाटेत मेली, जी पोचली त्यांना इथे करमले नाही, आणि शेवटी परत चला म्हणून पुन्हा दिल्लीला नेले, असे तो सांगत होता. गाडीतले लोक पेरू खात ऐकत होते.

नामदेवभाऊ जॅकजवळ उकिडवे बसले होते. तिथूनच म्हणाले, "आन् दौलताबादवाल्यांना इच्यारलं व्हतं का त्यानं? का ह्यांच्या घरी नुसतंच दिल्ली येऊन पडली?"

सगळे हसले. मीही हसलो. त्या बोलण्यात काय होते ते मला चार-पाच दिवसांनी कळले.

शहर

शहर कसे आहे, ते सांगतो. वेशी एक नाही, कितीतरी. आणि वेशीतून बैलगाडी, सायकल, टांगा आणि मोटार एकाच वेळी आत शिरतात, तरी कुणी कुणाला थांबून रामराम करत नाही. आमच्याकडे नवा माणूस दिसला की 'कुणाच्यातला?' असे विचारतात. इथे 'कुठं उतरलात?' विचारतात. पाणचक्कीला गेलो. डोंगरातून जमिनीखालून आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात पडते, आणि ते बघायला लोक मुद्दाम येतात. मायला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "आन् घागर कुनीच नाय भरत?" खरेच, घागर घेऊन कुणी आलेले मला दिसले नाही.

शिबिर एका शाळेत होते. शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक सुभेदारसाहेब. आवाज एवढा की वर्गाच्या तावदानांना कळायचा. सायरन झाला की पालथे पडायचे, कानात बोटे, दातात रुमाल. मोठा उजेड दिसला तर त्याच्याकडे बघायचे नाही. आम्ही मैदानात पालथे पडलो की गल्लीतली पोरे कुंपणावर चढून ओरडायची, "मर गये, मर गये!"

दुसऱ्या दिवशी दामूने विचारले, "साहेब, अणुबॉम्बाला खंदक पुरंल का?"

सुभेदारसाहेबांनी दामूकडे बघितले. मला वाटले, आता रागावतात. पण त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "नाही पुरणार," ते म्हणाले. "जिथं पडतो तिथलं मी काही सांगत नाही तुम्हाला. खोटं कशाला बोलू? पण कडेला माणसं उरतात. भाजलेली, आंधळी झालेली, उपाशी. ही तयारी त्यांच्यासाठी. कडेच्या माणसांसाठी."

त्यांनी मग भिंतीवर नकाशा लावला. शहर लवकरात लवकर रिकामे करायचे. जो मोहल्ला ज्या रस्त्याच्या तोंडाशी, त्याने त्या रस्त्याने बाहेर पडायचे: कुणी फुलंब्रीकडे, कुणी गंगापूरकडे, कुणी आमच्या कन्नडच्या वाटेला. कुठल्या मोहल्ल्याने कुठल्या गावी जायचे, ते त्यांनी वाचून दाखवले. वाचता वाचता ते म्हणाले, "चिंचखोरी."

शहरातल्या एवढ्या मोठ्या हॉलमध्ये माझ्या गावाचे नाव मोठ्याने घेतले गेले. माझी छाती फुगली. दामूने कोपर मारले. चिंचखोरीला हे कुणी विचारले होते का, हा प्रश्न त्या वेळी माझ्या मनातही आला नाही.

संध्याकाळी दिवे घालवायची तालीम झाली. सायरन वाजला, सगळ्या वस्तीतले दिवे गेले, आणि आम्हाला काठ्या घेऊन 'दिवा बंद करा' म्हणत फिरायचे होते. शहरातली मुले गटारात पाय घालत होती, सायकलींवर आपटत होती. मी सरळ चालत होतो. दामू माझा सदरा धरून म्हणाला, "तुला दिसतं कसं रे?"

"आमच्या गावात रोजच ब्लॅकआऊट असतो."

त्या रात्रीपासून शिबिरात माझे नाव 'ब्लॅकआऊट' पडले. मला ते आवडले. नाव पडले म्हणजे आपण त्यांच्यातले झालो, असे वाटले.

रहीमभाई

तिसऱ्या दिवशी आम्हाला मोहल्ले वाटून दिले. घरोघर जायचे, माणसे किती ते विचारायचे, आणि वेळ आली तर कुठल्या गावी जायचे ते समजावून सांगायचे. ज्या मोहल्ल्याने चिंचखोरीला यायचे तो, मी तिथलाच म्हणून, माझ्या वाट्याला आला.

पहिल्या तीन घरांनी दारे लावून घेतली. चौथ्या घरातून एक बाई पडद्याआडून म्हणाली, "हमकू नक्को जी ऑपरेशन-बिपरेशन!" आम्ही माणसे मोजतो आहोत म्हणजे कुटुंब नियोजनवाले, असा बोभाटा आमच्यापुढे पळत गेला होता. बॉम्बाबद्दल सांगितल्यावर लोक हायसे वाटून हसले आणि माणसे सांगू लागले.

गल्लीच्या शेवटी पिंजणाची तार ठणठण वाजत होती. गाद्या-रजया भरायचे छोटे दुकान, मागे घर. कापसाच्या धुरळ्यात एक पस्तिशीचा माणूस उभा होता. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या, पण त्या कापसाने. हे रहीमभाई.

मी पाठ केलेले बोलायला लागलो. सहा माणसे, त्यांनी सांगितले: ते, भाभी आणि चार लेकरं. मग मी म्हणालो, "वेळ आली तर तुम्ही कन्नडच्या रस्त्यानं बाहेर पडायचं. तुमचं गाव चिंचखोरी."

तार थांबली.

"कौन बोल्या ऐसा?"

"सरकारनं ठरवलंय."

"तू कहाँ का?"

"चिंचखोरीचाच."

त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितले. मग शहरातली हिंदी त्यांच्या तोंडातून गळून पडली आणि ते आमच्यासारखे बोलायला लागले. "कुनाचा रं?"

मी आबांचे नाव सांगितले.

"मेंढरंवाल्याचा? नाकावर वण हाय त्याच्या, त्याचा?" ते हसले. "तुमच्यात निळ्या काठाची रजई व्हती बघ. माझ्या बापानं भरलेली. हाय का फाटली?"

"शिबिरात तीच पांघरून झोपतोय," मी म्हणालो.

पुढे त्यांनी मला बसवून घेतले. चिंचखोरीतल्या सगळ्यांची चौकशी केली. कोण गेले, कोण राहिले, मारुतीच्या पारावरचा पिंपळ केवढा झाला. ते आमच्या गावचे. अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली, त्यानंतर त्यांचे कुटुंब गाव सोडून शहरात आले. तेव्हा ते मिसरूड फुटलेले पोर होते.

मला विचारायची भीती वाटत होती, तरी विचारले. "तुम्हाला कुणी त्रास दिला का गावात?"

"नाय. खरं सांगतो, कुनी हात लावला नाय. दुसऱ्या गावच्या गोष्टी कानावर येत व्हत्या. बाप घाबरला. बैलगाडी भरली दिसाढवळ्या, भर गल्लीतून. लोक वट्यावर बसलेले. कुनी जा म्हनलं नाय." त्यांनी बाहीवरचा कापूस झटकला. "कुनी ऱ्हा बी म्हनलं नाय."

आतून भाभी म्हणाल्या, "बच्चेकू खाना तो खिलाव. बातांच सुना रे."

दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरले. एक मोठी परात, तीत नान, आणि खलियाचा, म्हणजे मटणाचा, लालभडक रस्सा. सगळ्यांनी त्यातूनच खायचे. आमच्याकडे भाकरी कुस्करून कालवणात भिजवतात आणि ज्याचे ताट त्याच्यापुढे असते. मी हात मागे घेऊन बसलो होतो. रहीमभाईंनी ओळखले. "बकऱ्याचं हाय. आन् नसंल खायचं तर चहा घे, राग नाय." मी घास घेतला. रस्सा घशात लागला, डोळ्यांतून पाणी आले, आणि चारही लेकरं मला बघून खिदळली. भाभींनी माझ्यापुढे आणखी एक नान टाकला. अजून त्या वासाची आठवण झाली की मला भूक लागते.

जेवण झाल्यावर मी परत कामाचे काढले. "रहीमभाई, मग चिंचखोरी लिहू ना?"

"लिहू नको."

"पण तुम्ही तर तिथलेच. उलट सोपं."

"मुंबई लिही. हैदराबाद लिही. नायतर हितंच मरतील म्हनून लिही." आवाज चढला नव्हता. "गावात तेरवी-बारशाला काय रीत हाय, तुला ठावं हाय ना? शेजारच्या घरात पंगत बसली असंल, तुझ्या पोटात कावळं वरडत असतील, तरी आवतन नसंल तर जाशील का?"

"नाय."

"मग? त्या येशीतून मी निघालो तवा कुनी थांब म्हनलं नाय. आता बॉम्ब पडला म्हनून उठून जाऊ? बिनआवतनाचं?"

ती भाभी, ती चार लेकरं नकाशात कुठेच नसणार, आणि वेळ आलीच तर सगळा मोहल्ला निघून जाईल आणि हे घर दार लावून बसेल, हे मला दिसत होते. मी उठलो. दाराशी रहीमभाई हळूच म्हणाले, "तळ्याच्या बगलेला माझ्या मायची कबर व्हती. बोरीच्या झाडाखाली. नांगरली असंल आता."

ती जागा मला माहीत होती. लहानपणापासून मी तिथे मेंढरं वळतो. "नाय नांगरली," मी म्हणालो. "आबा तिथं मेंढरं जाऊ देत नाहीत. काट्याचं कुंपण घालतात दर साली. म्या लहानपणी इच्यारलं तर म्हनले, तिथं जायचं नसतं. का, ते कधी सांगितलं नाय."

रहीमभाई वळले. आत गेले. मी गल्लीच्या टोकाला पोचलो तरी पिंजणाची तार वाजली नाही.

शेवटचा दिवस

शेवटच्या दिवशी सभा होती: शहरांनी अणुबॉम्बाची तयारी करावी की करू नये. शहरातल्या एका कॉलेजचे प्राध्यापक आले होते. ते फार चांगले बोलले. म्हणाले, "तयारी केली की माणसाला वाटायला लागतं, यातून जगता येईल. आणि तसं वाटलं की बॉम्ब टाकणाऱ्याची लाज जाते आणि टाकू देणाऱ्याचीही. शहरांनी एकच तयारी करावी, तो कुठंच पडू नये याची."

सुभेदारसाहेब उठून एवढेच म्हणाले, "सर, ते तुम्ही करा. मी तुम्हाला सलाम करीन. पण तोवर भाजलेल्या माणसाला पाणी कोण देणार, हे कुणीतरी ठरवून ठेवायला पाहिजे."

मला दोघांचेही पटले, आणि दोघांचे पटते म्हणजे आपल्याला काही कळत नाही, असे वाटून मी खाली मान घालून बसलो. तेवढ्यात साहेबांनी बोट केले. "ब्लॅकआऊट! तू बोल."

मी उभा राहिलो. दामूने लिहून दिलेले चार मुद्दे खिशात होते. ते काढलेच नाहीत. "साहेब," मी म्हणालो, "तयारी करावी. पण आपल्या नकाशात जाणाऱ्यांची नावं आहेत. बोलावणाऱ्यांची नाहीत. आमच्याकडं आवतन लागतं."

हॉल हसला. कुणीतरी मागून ओरडले, "अक्षता पण वाटा!" मी पुढे बोलणार होतो, पण कान गरम झाले आणि खाली बसलो. सुभेदारसाहेब हसत नव्हते. "चिंचखोरीला कुणी विचारलंय का?" त्यांनी शेजारच्या कारकुनाला विचारले. कारकुनाने मान हलवली: नाही. मग चहा आला.

घरी

फाट्यावर उतरलो तेव्हा ऊन कलले होते. शहरातून आल्यावर आपले गाव लहान दिसते असे म्हणतात. मला ते लांबट दिसले, बैलगाडीला भर गल्लीतून जायला बराच वेळ लागेल एवढे.

जेवताना मायने विचारले, "काय खाल्लंस तिथं?"

"एक दिवस रहीमभाईंच्या घरी नान आन् मटन."

"कशाचं?"

"बकऱ्याचं."

"मग हरकत नाय. पोटभर वाढलं का?"

आबांचा हात ताटात थांबला होता. "कोन रहीम?"

मी सगळे सांगितले. रजईचे, बोरीच्या झाडाचे. कुणी जा म्हणाले नाही, कुणी ऱ्हा म्हणाले नाही, हेही त्यांच्याच शब्दांत सांगितले. माय चुलीतल्या लाकडाकडे बघत होती.

मग आबा म्हणाले, "खरं हाय त्याचं. म्या येशीपाशीच व्हतो. गाडी म्होरून गेली. रहीमची माय नुकतीच गेलेली. मला वाटलं, कुनीतरी म्हनंल. थोरल्या मानसांतलं कुनीतरी. समद्यांलाच तसं वाटलं असंल."

"आबा, तुम्ही इच्यारायला सांगितलं व्हतं ना, आपल्याला काय करावं लागंल ते?" मी म्हणालो. "मला वाटतं, आवतन..."

"जेव," आबा म्हणाले. हात धुतला आणि मेंढरांकडे निघून गेले.

मी कन्नडला परतलो. तो हिवाळा गेला. दर सुट्टीला घरी जायचो. आबा लोकर, पाणी, चारा याबद्दल बोलायचे. मी विचारले नाही. मोठ्या माणसाला असे दोनदा विचारायचे नसते, आणि मला भीतीही वाटत होती की ते नाही म्हणतील. शिबिराकडूनही पुढे काही कळले नाही. सुभेदारसाहेबांची दुसऱ्या जिल्ह्यात नेमणूक झाली, असे दामू म्हणाला. नकाशा कुठल्यातरी कपाटात गेला असेल. रात्री निळ्या काठाची रजई ओढून घेतली की मला ते घर आठवायचे, आणि बॉम्ब पडू नये, निदान हे घर नकाशात येईपर्यंत तरी पडू नये, असे वाटायचे. अणुबॉम्बाबद्दल असे कुणाला वाटत असेल का, मला माहीत नाही.

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन मी कन्नडच्या स्टँडवर आलो. औरंगाबादहून आलेली गाडी उभी होती. नामदेवभाऊंनी फूटबोर्डावरूनच हाक मारली.

"अरं, तुला म्हाईत हाय का नाय? तुझा बा माझ्या गाडीत बसला व्हता मागं!"

"आबा? एस.टी.त?"

"धुतलेला पटका, नवी वहाण. म्या म्हनलं, आबा, कुठं? म्हनं, आवतन द्यायला. म्हनलं, कशाचं? म्हनं, बॉम्बाचं!" नामदेवभाऊंनी कपाळावर हात मारला. "मला वाटलं, म्हातारं उन्हानं फिरलं. संध्याकाळच्या गाडीला परत आला, तवा इच्यारलं, दिलं का? म्हनं, दिलं. चूलबंद दिलं."

चूलबंद म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांना. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायची नाही. आमच्याकडे यापेक्षा मोठे आवतन नाही.

"मग रहीमभाई काय म्हणाले?"

"तो म्हनं इच्यारतोय, कवा यायचं? तुझा बा म्हनला, बॉम्ब पडंल तवा या. तो म्हनला, आन् नाय पडला तर? तुझा बा गप. चहा पिला आन् उठून आला. मला गाडीत म्हनतो, नामदेवा, माझं चुकलं का रं सांगायला?"

मी फूटबोर्डाची दांडी धरली. "कधीची गोष्ट ही?"

"झालं की लई दीस. पन ती सोड. आजचं ऐक." नामदेवभाऊ खाली उतरले, तिकिटाची पेटी कमरेवर सारली. "आज सकाळच्या गाडीला माझ्याच गाडीत. तो, बायकू, चार लेकरं. भांडं भरून नान. फाट्याला उतरली. तुझा बा मेंढरं घेऊन तिथंच हुबा. मी दारातून म्हनलं, काय रहीमभाई, पडला का काय कुठं बॉम्ब?"

"मग?"

"तर म्हनं, त्याची वाट कुठवर बघायची, नामदेवभाऊ? चूल बंद करून आलोय."